मागच्या दोन खोल्या

शारजात अल नहदाला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये निरुपम फुकन राहायचे. माणूस आसामचा, बायको आभा डोंबिवलीची, त्यामुळे मराठी चांगलं बोलायचे. फक्त 'च'चा 'स' व्हायचा. दुबईतल्या एका कंत्राटदार कंपनीत एस्टिमेटर होते, बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढायचे. सकाळी गाडी काढायची, बॉर्डरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, संध्याकाळी तसंच परत. आम्हा सगळ्यांचं असंच चाललेलं. फरक एवढाच, की आम्ही पुण्या-ठाण्यात फ्लॅट घेऊन ठेवले आणि फुकनांनी घेतला नाही. विचारलं की म्हणायचे, "आपलं घर आहे की जोरहाटकडे."

ते घर त्यांच्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात बांधलेलं. लाकडी सांगाडा, बोरूच्या विणलेल्या भिंतींना मातीचा गिलावा, वर पत्रा. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या लोकांच्या बैठका तिथल्या ओटीवर झालेल्या. वडील गेल्यावर घर बंद राहिलं, वाळवी लागली. तेव्हा गावातली मंडळी म्हणाली, इथे आसामी संस्कृतीचं संग्रहालय करू. फुकनांनी आनंदाने घर देऊन टाकलं. मागच्या दोन खोल्या कुटुंबाला राहतील, असं तोंडी ठरलं. आईचा माग, काशाची भांडी, बांबूच्या रुंद टोप्या, सगळं तिथेच ठेवलं. दर बिहूच्या सणाला आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवायचे. आम्ही कंटाळलो तरी दाखवतच राहायचे.

मग कंपनी बंद पडली. साठी उलटलेल्या माणसाला नवा व्हिसा कोण देणार? मुलगा निनाद नुकताच अबू धाबीला नोकरीला लागलेला, तिथल्या अल रीम बेटावर मित्रांबरोबर राहणारा. आता आम्ही गावी जाणार, असं फुकनांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, नोबडी लिव्ह्ज इन अ म्युझियम." फुकन हसले. नवरा-बायको आसामला गेले.

पुढचं आभाने शारजाला परत आल्यावर सांगितलं. संग्रहालयाचे चिटणीस आता नवे होते. त्यांनी फुकनांच्या गळ्यात गामोसा, तिकडचा मानाचा पंचा, घातला, व्हरांड्यात बसवून चहा दिला, आणि मागच्या खोल्यांचा विषय निघाल्यावर त्या दाखवायला घेऊन गेले. एका खोलीत मुगा रेशमाचं दालन झालं होतं, दुसरीत फुकनांच्या आईवडिलांचा पलंग मांडून भोवती दोरी बांधली होती. जुन्या आसामी घरातलं शेजघर, अशी पाटी.

फुकन दोरी ओलांडून त्या पलंगावर बसले. तिथली राखणदार मुलगी धावत आली आणि अगदी अदबीने म्हणाली, "काका, उठा. त्याला हात लावायची परवानगी नाही."

"मी ह्याच पलंगावर जन्मलोय," ते म्हणाले.

 तेवढ्यात शाळेची मुलं रांगेने आत आली. बाई त्यांना भिंत कशी विणतात ते सांगत होत्या, मुलं कान देऊन ऐकत होती. फुकन थोडा वेळ बघत राहिले आणि उठले. चिटणिसांशी भांडायला हवं होतं, आभा म्हणाली, तिची तयारीही होती. पण ते तिला म्हणाले, "काय बोलू? फार चांगलं ठेवलंय त्यांनी. माझ्याने इतकं झालं नसतं."

गावात भाड्याने राहायला त्यांचं मन घेईना. आपल्याच घरावरून रोज परक्यासारखं जायचं, हे जमणार नाही म्हणाले. दोघं शारजाला परतले ते सामान आवरायला. भांडी, सोफा, पडदे आम्हीच वाटून घेतले. "खलास," असं म्हणून त्यांनी किल्ली वॉचमनच्या हातात ठेवली आणि लिफ्टकडे चालू लागले.

आता ते डोंबिवलीला, आभाच्या भावाच्या घरी असतात, हॉलमध्ये. तिथे आसामी बोलायला कोणी नाही. बसायला खाली पाठवलं तर लगेच वर येतात, असं आभा सांगते. संग्रहालयाच्या वर्धापनदिनाला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं, गेले नाहीत.

गेल्या महिन्यात मी फोन केला. थंडी पडली की इकडे व्हिजिट व्हिसावर या, चार दिवस बरं वाटेल, म्हटलं. पलीकडे टीव्ही चालू होता.

"येऊन काय बघू तिथे?" ते म्हणाले. मग आभाने फोन घेतला आणि डोंबिवलीत पाण्याचे कसे हाल आहेत ते सांगत राहिली.