मी अंथरलेली मऊ धावपट्टी

घोड्यांच्या शर्यतीतलं मला जेवढं कळतं तेवढं खुद्द घोड्यालाही कळत नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो गावच्या जत्रेत पाचशे लोकांसमोर गेला. सांगताना मी पाच हजार म्हणतो.

आमची काळी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की एका भेगेत पडलेली माझी चप्पल अजून वर आलेली नाही; खाली कुणीतरी वापरत असणार. मागच्या जत्रेत शर्यतीत पळताना अशाच भेगेत मामांच्या घोडीचा पुढचा पाय गेला. घोडी वरातीची, मामांचं घर तिच्याच पाठीवर. पाय सुजला आणि अख्खी लग्नसराई ती दारात उभी राहिली. यंदा मामा तिला पळवायला तयार नव्हते.

"पुन्हा पाय गेला तर घोडी गेली, भाच्या."

तेव्हा मी मोबाईलवर मिळवलेली विद्या बाहेर काढली. परदेशात म्हणे रेसच्या घोड्यांसाठी बनावट जमीन अंथरतात. वाळू, रबराचे तुकडे, धागे, आणि सगळ्याला मेणाचा हात. पायाला दणका कमी बसतो, हाडं कमी मोडतात.

"हे समदं आपल्याकडं हाय की!" मी गरजलो. वाळू बांधकामातून उरलेली, रबर देवगाव फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडचं, धाग्यांच्या जागी कापसाच्या जिनिंग कारखान्यातला रुईचा कचरा, आणि मेण परवडेना म्हणून ट्रॅक्टरचं जळकं तेल. मामांना शब्द दिला, "या टोकापासून त्या टोकापर्यंत गादी. भेगेचं नाव न्हाई." तेवढ्यावर ते तयार झाले.

चिडले ते गुरुजी. निवृत्त माणूस, पैजेतले माझे जुने वैरी. कोणता घोडा कोणत्या साली कसा पळाला ते त्यांना तोंडपाठ. "टणक रानात शेजारच्या गावचा काळा घोडाच पुढं असतो, हे मला ठाऊक हाय. या तुझ्या गादीवर कोण पळंल ते कुणाला कळायलंय? एवढ्या वर्षांची माझी पारख मातीत घातलीस की रे!"

मला नेमकं तेच हवं होतं. काळा अंगानं जड, तो रुतणार, घोडी हलकी. पैज लागली, माझी घोडी आणि त्यांचा काळा: हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला खांद्यावर घेऊन मैदानापासून वेशीपर्यंत न्यायचं.

आता कबुली. शेवटच्या तीस पावलांना माल पुरला नाही. दुसरी खेप आणायला पुन्हा जिनिंग गाठावं लागणार होतं, आणि दुपारच्या जेवणानंतर माझा देह माझं ऐकत नाही. उरलेल्या भेगांवर मी रुईचा पातळ थर पसरला, वर दोन टोपली वाळू. लांबून सगळं सारखंच दिसत होतं. त्या कारागिरीवर मी मनापासून खूश झालो.

एकेक घोडा घड्याळ लावून सोडायचा होता. आधी घोडी सुटली, पाठीवर मामा. टापांचा आवाजच येईना. लोकांना वाटलं, आपले कान गेले. मी शेवटच्या खुणेपाशी आनंदानं उड्या मारत होतो, आणि चौथ्या उडीला मला ती तीस पावलं आठवली.

धावलो. "मामा, थांबा!" म्हणून बोंबललो, पण तेवढ्यात हलगी सुरू झाली आणि अशी कडाडली की माझं मलाच ऐकू येईना. वरातीची घोडी एकाच गोष्टीला थांबते, समोर नाचणाऱ्या माणसाला. गादी संपत होती तिथं उभा राहून मी नाचलो. कंबर, खांदे, उपरणं, सगळं लावलं. स्वतःच्या लग्नातही मी एवढा हललो नव्हतो. घोडी चार हातांवर थबकली आणि इमानदारीनं हलगीच्या ठेक्यावर माझ्यासमोर पाय उचलू लागली. घड्याळ चालूच होतं.

मामा उतरले. मी पायानं रुई बाजूला सारली. खाली हात जाईल एवढी भेग. मामा भेगेकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. चाबूक त्यांच्या हातातच होता, पण वापरला नाही.

पंचांनी शेवटची खूण अलीकडं घेतली आणि काळ्याला सोडलं. तो रुतला-बितला काही नाही, घोडीपेक्षा कमी वेळात पोचला. घोडीला पुन्हा पळू द्या म्हणून मी विनवलं, तर गुरुजी म्हणाले, "नाचायचा टाइम बी शर्यतीतच धरतेत."

मग निघालो. गुरुजी माझ्या खांद्यावर, गादीवर फिरून तेलानं काळे झालेले त्यांचे पाय माझ्या छातीवर. वाटेत मामांनी घोडी थांबवली, खाली बसून एकेक पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत चाचपला.

"चारी शाबूत हायेत," ते म्हणाले. "पुढच्या साली गादीवरच पळवू. पण माल मी आणीन."

"अन् घोडी सोडायच्या आधी," वरून गुरुजी म्हणाले, "ह्याला पळवून बघा."