बहिणीच्या रक्ताचा कागद

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. बी.ए. झालो आणि घरादाराचे इंग्रजी कागद माझ्याकडे वाचायला येऊ लागले. मला त्याचा गर्व होता.

थोरल्या बहिणीची तीन मुलं पोटातच गेली. मी तिला तिच्या सासरहून, वरवटहून, बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "रक्त नागपूरला तपासायला पाठवू. पण नवऱ्याचंही पाहिजे."

भाऊजी उडालेच. "मले का झालं? पोरं हिचे मरतात, अन् सुई मले?"

शेवटी एकटीचंच रक्त गेलं.

तीन आठवड्यांनी पाकीट माझ्या पत्त्यावर आलं. मी ते न फोडता तिच्या सासरी घेऊन गेलो. सगळ्यांसमोर फोडायचं होतं मला. ओसरीवर सासरा, भाऊजी, दोन-चार भाऊबंद बसलेले.

"वाच ना बे, बी.ए. झाला ना तू?" भाऊजी म्हणाले.

मी आधी इंग्रजीत वाचलं, खड्या आवाजात. मग अर्थ सांगितला: रक्तात उपदंश आहे, म्हणजे गरमी, गुप्तरोग. शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

सासू दारातून ओरडली, "कोठून आनली वं ही घान आमच्या घरात?"

"घरातूनच आली," मी म्हणालो. "आधी भाऊजींचं रक्त तपासा."

बाजाराच्या दिवशी भाऊजींचा मुक्काम कुठे असतो, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भाऊजी हसले. "कागदावर माहं नाव हाये का? दाखव."

नव्हतं.

त्याच दिवशी मी तिला छकड्यात बसवून माहेरी आणलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तुले मनातल्या मनात वाचता नव्हतं येत?"

वर्षभर दर आठवड्याला तिने दंडात सुया घेतल्या. ती बरी झाली. तोवर भाऊजींनी दुसरी केली होती. पुढे त्या दुसरीचीही दोन मुलं पोटातच गेल्याचं कानावर आलं. मी बहिणीला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

ती म्हणाली, "तिले दवाखान्यात ने. पन कागद तिच्याच हाती दे."

"तिला इंग्रजी कुठं येतं?"

"तू सांग ना तिले. एकटीले."

मी गेलो नाही. त्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवायची माझी छाती झाली नाही.