एकाच ताग्यातले वाघ

मी मुकुंदवाडीत राहते आणि लोकांच्या मुलांना वाघ करते.

म्हणजे वाढदिवसाला मुलांचे चेहरे रंगवते. वाघ, मांजर, फुलपाखरू, ससा, जे मागाल ते. (ससा शक्यतो मागू नका. माझा ससा उंदरावर जातो.) ही कला मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले आणि सराव केला घरातल्याच दोन चेहऱ्यांवर. एक माझा मुलगा सोन्या, पहिलीत आहे. दुसरा माझा नवरा, जो रविवारी दुपारी जेवून आडवा झाला की काही केलं तरी हलत नाही. एकदा तो असाच फुलपाखरू होऊन झोपला होता आणि दारावर गॅसवाला आला. हा उठला आणि तसाच गेला. तेव्हापासून गॅसवाला टाकी फाटकाबाहेरच ठेवून जातो.

कला होती, रंग होते, नव्हती ती गिऱ्हाइकं! आमच्या गल्लीतली सगळी मुलं एकेकदा रंगवून झाली होती, आणि गल्लीत पुन्हा पुन्हा बाळंतपणं करा असं कुणाला सांगता येत नाही. नवऱ्याने शेवटी निर्वाणीचं सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघ. नाही जमलं तर ही पेटी माळ्यावर."

आमचा माळा म्हणजे माझ्या धंद्यांची दफनभूमी आहे. तिथं केकचे साचे आहेत, मेणबत्त्यांचे साचे आहेत, पापडाचं यंत्र आहे. वर गेलेलं काहीही आजवर खाली आलेलं नाही. आधीच्या धंद्यांचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं, पण रंगांच्या पेटीचं वाटणार होतं. आरशात स्वतःला बघून मूल जी डरकाळी फोडतं ना, ती ऐकायची मला चटक लागली होती.

"जाहिरात कर की मग," नवरा म्हणाला. "मोठ्या अक्षरांत लिही. असा रंग, की आईसुद्धा ओळखणार नाही!"

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. "आई कधी आपल्या लेकराला ओळखणार नाही का? इतकं धडधडीत खोटं लिहिलं तर येणारं गिऱ्हाईकही पळेल."

समोरची नसरीन मेंदीच्या ऑर्डरी घेते. तिचा सल्ला वेगळा होता. "जाहिरात नक्को, बाजी. अपने घर का एक बडा फंक्शन पकडो. मैं खाला के बेटी की शादी में फुकट में मेंदी लगाई, अब देखो, फोन रुकताच नै!"

फंक्शन समोरच होतं. पैठणला माझ्या नणंदेच्या, मंगलवन्संच्या, धाकट्याचं जावळ. आणि नशीब उघडायचं तर एकदमच उघडतं म्हणतात तसं, त्याच आठवड्यात सिडकोतल्या एका बालवाडीच्या मॅडमचा फोन आला. स्नेहसंमेलनाला त्यांना अख्खी शाळा रंगवून हवी होती! अट एकच. "मागच्या बाईंचा रंग तासाभरात ओघळला हो. पालक आले तेव्हा स्टेजवर सिंह कमी आणि भुतं जास्त होती. तुम्ही शनिवारी दुपारी एखादं मूल रंगवा आणि संध्याकाळी शाळेत आणून दाखवा. रंग टिकला तर ऑर्डर तुमची, आणि वर्षभराचे वाढदिवसही तुमचेच."

शनिवारीच जावळ! मी मनात आखणी केली. दुपारी पैठणला सगळी मुलं रंगवायची म्हणजे नातेवाइकांत जाहिरात होईल. संध्याकाळी त्यातलाच सोन्या मॅडमना दाखवायचा. एका दगडात अख्खं झाड पाडायचा बेत होता.

आता वन्संच्या सासरची एक रीत सांगायला हवी. कार्यात घरातल्या आणि पाहुण्यांच्या सगळ्या मुलांना कपडे शिवतात ते एकाच ताग्यातून. कुणाला भारी आणि कुणाला हलकं, असा रुसवा नको म्हणून. त्यामुळे अंगणात जिकडं बघावं तिकडं मोरपंखी कुर्ते पळत होते. शिवाय फेटेवाला बोलावलेला, त्याने प्रत्येक पोराला कानापर्यंत भगवा फेटा बांधलेला. शिल्लक राहिले होते ते फक्त चेहरे. ते माझ्या वाट्याला आले.

पंगती उठल्यावर मी खुर्ची मांडली. पहिल्या पोराला वाघ केला आणि तिथंच घात झाला. पुढच्याला विचारलं, "फुलपाखरू?"

"वाघ!"

"मांजर करू? मिश्या काढते छान."

"वाघच पायजे!"

ससा विचारायची मी हिंमतच केली नाही. सगळे वाघ झाले. रंग वाळेपर्यंत तोंड हलवलं तर भेगा पडतात, म्हणून मी जाहीर केलं, "मी सांगेपर्यंत कुणी बोलायचं नाही. जो सगळ्यात जास्त वेळ गप्प बसेल त्याला रिमोटची गाडी!" आणि पिशवीतून गाडीचं खोकं काढून सगळ्यांना दाखवलं.

अंगणात अशी शांतता पसरली की घरातली मोठी माणसं घाबरून बाहेर आली. "पोरं गप का बसलीत? काही खाल्लं बिल्लं तर नाय ना?" वन्संच्या सासूबाई विचारायला लागल्या. मग सगळ्यांनी वाघ पाहिले आणि जो उठला तो माझं कौतुक करायला लागला. आत्याबाईंनी नंबर घेतला. मामींनी नंबर घेतला. मी फोटो काढत सुटले, इतके की मोबाइलने मान टाकली. म्हटलं, टाकू दे, आता धंदा आपला आपण चालणार.

नवरा दुसऱ्या पाळीसाठी मोटारसायकलवरून परस्पर वाळूजला निघून गेला होता. मी पेटी आवरत होते तेवढ्यात वन्सं ओरडत आल्या, "वैनी, उरका! बस लागलीय, निघाली म्हणजे तासभर दुसरी नाय!" मी धावत ओसरीवर आले. तिथं सोन्याएवढा वाघ बसला होता. मोरपंखी कुर्ता, भगवा फेटा. मी म्हटलं, "चल रे, बस चुकेल." वाघाने माझ्याकडं पाहिलं, माझ्या पिशवीकडं पाहिलं आणि मुकाट्याने उठून माझा हात धरला.

सोन्या एका हाकेत उठत नाही. जन्मल्यापासून उठलेला नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती, पण मला वाटलं, लेकरू आज आईच्या धंद्याला हातभार लावतंय. मला भरून आलं हो!

बसमध्ये आमचा भाव काय विचारता! कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "बाई, ह्याला हाफ तिकीट की जंगल खात्याचा पास?"

"माझा मुलगा आहे तो," मी ताठ मानेनं सांगितलं.

"ते दिसायलंच की!"

शेजारच्या आजी वाघाकडं निरखून बघत म्हणाल्या, "लई ग्वाड हाय बाई. डोळे तर हुबेहूब तुमचेच."

"हो, सगळे तेच म्हणतात," मी लाजून म्हटलं.

पुढं बिडकीन आलं. सोन्या बसमध्ये बसला की बिडकीनला न चुकता ओकतो. त्यासाठी मी एक पिशवी कायम जवळ ठेवते. मी पिशवी उघडून तयार बसले. बिडकीन आलं आणि गेलंही. वाघ खिडकीतून मजेत बाहेर बघत होता! मी मनात म्हटलं, बघा, रंगाने पोट पण शांत राहतं. हे मॅडमना सांगायचं.

शाळेत पोचलो तेव्हा मॅडम वाटच बघत होत्या. त्यांनी चष्मा लावून वाघ तपासला. गालावर बोट फिरवलं. "वा! एक भेग नाही. आणि किती गुणी आहे. तुमचाच का?"

"माझाच. एकुलता एक."

"नाव काय बाळा तुझं?"

"सांग रे," मी कौतुकाने म्हटलं. "आता बोललास तरी चालेल."

वाघाने तोंड उघडलं. "म्हंजी मी जिंकलो का?"

आवाज सोन्याचा नव्हता.

"नाव सांग ना," मॅडम म्हणाल्या.

"राघू."

"आणि राहतोस कुठं?"

"खुलताबादला."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी वाघाकडं पाहिलं. राघू म्हणजे वन्संच्या जावेचा मुलगा! सोन्याएवढाच, सोन्याइतक्याच उंचीचा, आणि त्याच ताग्यातला.

मॅडमचा आवाज बदलला. "मग बाळा, या बाई कोण?"

"ह्या व्हय? ह्या रंगवाल्या मामी हायेत," राघू म्हणाला. "मामी, गाडी द्या की आता."

"तुला गाडी देते म्हणून आणलं का यांनी?"

"व्हय."

शाळेच्या मावशी आतापर्यंत दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पदर खोचत म्हणाल्या, "मॅडम, फाटक लावू का?"

मी घाईघाईने सगळं सांगायला लागले. जावळ, तागा, फेटे, बिडकीन! जितकं खरं सांगत होते तितकं ते जास्त खोटं वाटत होतं. आणि बोलता बोलता एकदम माझ्या लक्षात आलं. राघू इथं आहे, तर माझा सोन्या कुठं आहे? पैठणला राहिला? माझ्या मागं बसकडं धावला? तिथून गोदावरी काही लांब नाही. मग ऑर्डर, फाटक, मॅडम, मला काही दिसेना. मी तिथल्या छोट्या मुलांच्या बाकावर बसले आणि रडायला लागले. मॅडमनी माझ्या हातात स्वतःचा मोबाइल दिला. "आधी घरी फोन लावा."

मला पाठ असलेला एकच नंबर होता, माझा स्वतःचा. तो लावला. बंद होता. मग देवाचं नाव घेत आकडे जुळवत गेले आणि एकदाचा नवरा लागला.

"अगं, आहेस कुठं तू? अख्खं खुलताबाद तुला शोधतंय!"

"सोन्या कुठंय?"

"तिथंच! राघूच्या घरी. मजेत आहे."

मी मोठ्याने देवाचे आभार मानले. मावशी दारातून बाजूला झाल्या, पण पूर्ण नाही.

झालं होतं असं. राघूच्या आईनेही घाईत, हातात आला तो वाघ, स्वतःच्या गाडीत घातला होता. घरी जाऊन मोरीवर त्याचं तोंड धुतलं तेव्हा वाघ वाहून गेला आणि खालून सोन्या निघाला! बाई अशी किंचाळली म्हणे, की शेजारचे लोक पोतं घेऊन आले, साप निघाला समजून.

नवऱ्याकडून नंबर घेऊन तिला फोन लावल्याबरोबर ती माझ्यावर तुटून पडली. "वैनी, तुम्ही माझं लेकरू नेलंच कसं? आपलं पोरगं वळखू येईना का तुम्हाला?"

"आणि तुम्ही कुणाचं नेलंत?"

मग ती हळूच म्हणाली, "वैनी, हे कुणाला सांगू नका बरं का." (तोपर्यंत मंगलवन्संनी ते फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं. दोन वाघांच्या फोटोसकट.)

मग सोन्या फोनवर आला. मला वाटलं, लेकरू रडून रडून अर्धं झालं असेल.

"मम्मी, इथं शेळीला पिल्लं झालीत! मी उद्या आलो तर चालंल?"

"अरे, तू त्यांच्या गाडीत बसलासच कसा? सांगायचं ना, मी राघू नाही म्हणून!"

"बोललो असतो तर रिमोटची गाडी गेली असती ना," सोन्या म्हणाला. "आणि तू बसनं नेणार होतीस. ह्यांच्याकडं एसी हाय."

म्हणजे दोन्ही पोरांना सगळं ठाऊक होतं! चुकलो होतो ते आम्ही मोठेच. मी फोन ठेवला तेव्हा मॅडम टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. चष्मा काढून डोळे पुसत त्या म्हणाल्या, "रंग पास आहे. तुम्ही नापास."

"म्हणजे ऑर्डर गेली?"

"ऑर्डर दिली! पण त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या मनगटावर नावाची पट्टी बांधायची. आणि जाताना तुमचा मुलगा मला दाखवून न्यायचा. तोंड धुऊन."

रात्रीच्या जेवणाच्या आत राघूचे आईवडील सोन्याला घेऊन आले आणि राघूला घेऊन गेले. गाडी राघूलाच द्यावी लागली. सोन्याने एकच हट्ट धरला, शेळीचं पिल्लू. तो अजून चालू आहे.

पेटी माळ्यावर गेली नाही. वन्संच्या ग्रुपवरून गोष्ट पैठणला पसरली, मावशींकडून सिडकोत आणि नसरीनकडून आमच्या गल्लीत. ती तर अजून मला बघितलं की विचारते, "क्या बाजी, आज कौन सा बच्चा लाए?" पण फोन यायला लागले ते थांबेनात. "ताई, मूल बदललं होतं त्या तुम्हीच ना? मग आमच्याकडं याच!"

तेव्हा नवऱ्याने मला न विचारता फलक छापून आणला आणि फाटकावर लावला. असा रंग, की आईसुद्धा ओळखणार नाही! जाहिरात खोटी आहे म्हणायला आता माझ्याकडं तोंड नव्हतं. फलकावरची ती आई मीच आहे.