राखणदाराची विडी

आमच्या घरात कोणी विडी-सिगारेट ओढत नाही, असं मी डॉक्टरबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं. सातवा महिना होता आणि बाळाचं वजन हवं तसं वाढत नव्हतं. आदल्या खेपेला याच महिन्यात माझा मुलगा पोटातच गेला, त्यामुळे तपासणीला मी जीव मुठीत धरूनच जायची. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याने सोडलेला धूरही बाळाला बाधतो. घरात नीट बघा."

बघायचं काय, कपाळ! वास मला रोज येत होता. दिवेलागणीला मी जरा आडवी झाले की खिडकीतून विडीचा उग्र वास थेट उशाशी यायचा. उठून बघावं तर मागच्या आगरात माडांशिवाय कोणी नाही. नवऱ्याला सुपारीचंही व्यसन नाही, तरी मी त्याचे खिसे उलटे केले, तोंडाचा वास घेतला. "तुझी शपथ," तो म्हणाला, "अगं, मलाही येतो तो वास."

सासूबाई मात्र वाती वळत शांतपणे म्हणाल्या, "घाबरतेस काय गो? राखणदार फिरतोय. त्याला विडी आवडते. तो आहे तोवर तुझ्या केसाला धक्का लागायचा नाही."

जागेचं रक्षण करणारा, डोळ्यांना न दिसणारा देव म्हणजे राखणदार; त्याला आमच्याकडे नारळ देतात, विडीही ठेवतात, त्यात नवल नव्हतं. पण रोज माझ्या उशाशी उभा राहून ओढणारा राखणदार? मी खिडकी लावून पडायची, आणि डोळा लागून उठले की ती सताड उघडी असायची. मग मात्र मला एकटीला त्या खोलीत बसवेना.

एका संध्याकाळी पडलेच नाही. मागच्या दाराने बाहेर गेले, भिंतीला धरून कोपऱ्यावर वळले. माझ्या खिडकीखाली, भिंतीला अगदी चिकटून, डोक्यावर पदर घेतलेलं कोणीतरी उकिडवं बसलं होतं. चिऱ्यावर विडी जळत होती. ती विझायला आली की ते माणूस उचलून झुरका मारायचं, पुन्हा ठेवायचं. एका झुरक्यात तोंड उजळलं. सासूबाई!

"आई! हे काय चाललंय?" मी किंचाळलेच.

"ओरडू नको गो. विझली तर तो रागावतो. त्याची नजर तुझ्यावर राहायला हवी, म्हणून खिडकी उघडते मी."

माझं डोकंच फिरलं. "जळो तुमचा राखणदार! हाच धूर बाळाला खातोय. डॉक्टरबाई घसा फोडून सांगतायत!"

त्यांनी विडी चिमटीतच विझवली. बोटं भाजली असणार. म्हणाल्या, "मग पहिला?"

"त्याचं काय?"

"तेव्हाही लावत होते. एक दिवस चुकवला नाही."

आणि मला आठवलं, तेव्हाही वास यायचा. शेजारचा कोणी ओढत असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

पहिला का गेला, हे डॉक्टरांनी कधीच नक्की सांगितलं नव्हतं. तेवढं तरी मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी रागात होते. तशीच आत निघून गेले.

मुलगी झाली, ठणठणीत आहे, आता चार वर्षांची. अजूनही तिला उचलण्याआधी सासूबाई साबणाने हात चोळचोळून धुतात, आणि मला दाखवतात.