कडेची रांग

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका रागीट माणूस मुलुंड चेकनाक्यापासून नाहूर स्टेशनपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडला तर त्यालाही काकांनी कधीतरी झापलेलं असेल. दुधाची पिशवी कडीला तिरकी लावली तरी त्यांचं डोकं फिरतं. उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेली, त्यामुळे सैल स्क्रू दिसला की त्यांना तो वैयक्तिक अपमान वाटतो. एकदा शेजाऱ्यांकडे साखरपुड्याला गेले नि होणाऱ्या जावयाला सोडून कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीवर अर्धा तास ओरडले. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे या रागाचं रोजचं गिऱ्हाईक. मलाही त्यांचा राग येतो. सख्ख्या सासऱ्यांचा येत नाही इतका येतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आम्ही गेटपासून जिन्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. मूर्तीची हातगाडी धक्के न खाता आत यावी म्हणून सगळी घाई. ठेकेदाराने कडेला काँक्रीटचा बांध घातलाच नाही. बाप्पा गेले की घालू म्हणाला, आणि बाप्पांबरोबर तोही गेला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायचीच आहे, मग उगाच खर्च कशाला, असं म्हणत आम्हा शहाण्यांनी कडेच्या रांगेवर पिवळे-काळे पट्टे मारून घेतले. काम पुरं झाल्यासारखं दिसायला लागलं. काकांनी मला खाली बोलावून पट्टे दाखवले नि विचारलं, "रंग धरून ठेवतलो काय रे ब्लॉक?"

नाहीच धरले. गाड्यांच्या चाकांनी कडेची रांग बागेच्या मातीत सरकली, खालची रेती निसटली आणि ब्लॉकांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकी तेव्हा वॉकर घेऊन पुन्हा चालायला शिकत होत्या. रोज संध्याकाळी काकांचा हात धरून गेटपर्यंत जायच्या, आणि मधून गाड्या जातात म्हणून कडेनेच जायच्या. एके दिवशी वॉकरचा पाय फटीत अडकला. काकांनी सावरलं म्हणून पडल्या नाहीत, पण त्या दिवसापासून काकींनी उंबरा ओलांडणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, चालणं थांबलं तर पाय कायमचा जाईल. काका माझ्या दारात आले. मी निर्लज्जासारखं पुन्हा रिडेव्हलपमेंटचं तुणतुणं वाजवलं.

"बिल्डिंग पडापर्यंत माणसां चलतली ना रे?" एवढंच बोलून ते खाली उतरले.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच काम काढलं. दोरी ताणली, सरकलेली रांग उचलली, चर खणून खडी ठोकली, कडेला दगड काँक्रीटमध्ये बसवले, मागून काँक्रीटचाच उतरता थर देऊन ते घट्ट केले आणि उचललेले ब्लॉक फटी न ठेवता परत लावले. बघायला थांबलेल्या प्रत्येकाला यथेच्छ शिव्या दिल्या. दोन दिवस गाडी लांब ठेवा, असा कागदही लावला. तो कागद मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि सोमवारी ऑफिसमधून फोनवर बोलत बोलत येऊन मीच नेहमीच्या सवयीने गाडी कडेवर चढवली. ओली कड फुटली. काका बाहेर आले, त्यांनी पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत जाऊन दार लावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या रात्री मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कोणाची आली नव्हती.

पुढच्या रविवारी सुट्टीवर पाणी सोडून मी घमेलं उचललं. काका खुर्ची टाकून बसले आणि दिवसभर माझा उद्धार करत राहिले. मला थापी धरता येत नाही, माझ्या मास्तरांना काही येत नव्हतं, माझी डिग्री कोणी तपासली होती का. कंबर मोडली, पण काका पुन्हा बोलायला लागले म्हणून मला मनापासून बरं वाटलं.

आता ती कड हलत नाही. काकींना पुन्हा बाहेर काढायला काकांना महिना लागला, आणि त्या महिन्यात ते त्यांच्यावर एकदाही चिडले नाहीत. परवा संध्याकाळी मी खाली उभा होतो. काकी वॉकर घेऊन दारात आल्या. काकांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"तुमी हयच रवा," काकी म्हणाल्या. "माझी मी जातंय."

आणि कडेकडेने, एक एक ब्लॉक मागे टाकत त्या निघाल्या. काका पायरीवरच थांबले. आता हे कोणावर तरी ओरडणार, म्हणून मी तयारच होतो. काकी गेटला हात लावून मागे वळल्या, तेव्हाही काकांचा हात तसाच पुढे होता.