मोरचुदाचं फडकं

माझ्या सासऱ्यांचा कुणावर विश्वास नव्हता. भाजी घेणाऱ्या व्यापाऱ्यावर नव्हता, पंचांगावर नव्हता, आणि गोड बोलणाऱ्यावर तर मुळीच नव्हता. लग्न होऊन मी देऊळघाटहून या कसब्यात आले तेव्हा पहिलं वर्षभर ते माझ्या हातचं दूध आधी बशीत ओतून मांजराला पाजत आणि मग स्वतः पीत. मला फार राग यायचा. पण संशय खरजेसारखा असतो, एका घरात राहिलं की लागतो. मीही हळूहळू तशीच झाले.

नवरा मलकापूरला कापसाच्या जिनिंगात कामाला, आठवड्याला घरी येई. सासूबाई कधीच गेलेल्या. मळा मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि मी अशा दोघांनीच सांभाळायचा. मळा गावाच्या शेवटाला होता, गावातल्या सगळ्या गटारी मिळून जिथे नाला होतो तिथे. नवं मराठी राज्य होऊन चारदोन वर्षं झाली असतील. नाल्याचं काळं पाणी पाटानं वांग्यांना, मेथीला, कोथिंबिरीला जाई, वेगळं खत लागत नसे. वांगी तेल लावल्यासारखी चमकत. पण पावसाळ्यात हगवणीची साथ आली की बाजारात बाया आमची टोपली हुंगून पुढे जात.

मग नगरपालिकेनं ठरवलं, हे पाणी थेट भाजीला जाऊ द्यायचं नाही. आमच्या बांधाला लागून एकापुढे एक अशी तीन उथळ तळी खोदली. कामावर पुण्याकडचा एक तरुण ओवरसियर आला. बांधावर उकिडवं बसून त्यानं आम्हाला समजावलं. पहिल्या तळ्यात गाळ खाली बसेल, पुढच्या दोन तळ्यांत पाणी बरेच दिवस उन्हात राहील आणि स्वच्छ होऊन आमच्या पाटात येईल. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"मशीन नाई, दवाई नाई," ते म्हणाले, "मंग पानी साफ कोन करन?"

"ऊन करेल. आणि पाण्यात आपोआप जे उगवेल, ते करेल."

तिथेच तो त्यांच्या मनातून उतरला. आपोआप आणि फुकटात काही चांगलं होतं, हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता. पाण्यातला कस पहिल्या तळ्यात अडकणार, तो गाळ कुणा बड्याच्या शेतात जाणार आणि आमच्या वाट्याला नुसतं धुवण येणार. मी सातवी पास, म्हणून ओवरसियरवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं. तो सकाळी येई, बाटलीत पाणी भरून उजेडात धरी, हुंगे आणि स्वतःशीच हसे. हसतो कशाला, हे मला खटकायचं.

उन्हाळ्यात शेवटचं तळं हिरवंगार झालं आणि तो जास्तच खुशीत दिसू लागला.

आता विहिरीचं पाणी हिरवं झालं तर काय करायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मोरचुदाचे निळे खडे फडक्यात बांधायचे, फडकं दोराला लावायचं आणि पाण्यातून फिरवायचं. दोन दिवसांत पाणी नितळ. हिरवं म्हणजे सडकं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. मामाजी म्हणाले, "पानी सडवून राह्यला तो. भाजी सडली का आपन मळा सोडतो, मंग जागा त्याहीची." मलाही अगदी तेच वाटत होतं.

एका दुपारी तो जेवायला गेला तेव्हा मी माझ्या लाल काठाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. एका बांधावर मामाजी, समोरच्या बांधावर मी. पोटलं ओढत आम्ही तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. शेवटी दोर सुटला आणि पोटलं पाण्यात राहिलं. तिसऱ्या दिवशी पाणी नितळ दिसलं. त्या दिवसापासून मामाजी माझ्या हातचं दूध मांजराला न दाखवता पिऊ लागले.

आठवडा गेला नाही तोच ते पाणी काळं पडलं. बुडबुडे येऊ लागले आणि वास पार बाजारपेठेपर्यंत गेला. कोथिंबीर पिवळी पडली, मलकापूरहून टोपल्या परत आल्या. लोक नगरपालिकेपुढे जमले, त्यात सगळ्यांत मोठा आवाज मामाजींचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाल तर तसंही नव्हतं. आम्ही साफ केलेलं पाणी त्या माणसानं पुन्हा नासवलं, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो.

ओवरसियरवर चौकशी बसली. तो अजून नोकरीत कायम झालेला नव्हता. चौकशीच्या आदल्या दिवशी तो मळ्यात आला. हातात गाळातून काढलेलं फडकं होतं, निळं पडलेलं, पण लाल काठ ओळखू येत होता. उरलेलं लुगडं तिथेच कुंपणावर वाळत होतं. त्यानं ते पाहिलं, फडकं पाहिलं, आणि आवाज न चढवता माझ्याशी बोलला.

"ते हिरवं म्हणजे बारीक शेवाळ होतं, बाई. उन्हात ते पाण्यात हवा सोडतं, त्या हवेवर जगणारे जंतू घाण खातात. पाणी साफ करणारं तेच होतं. ते मेलं." मग तो म्हणाला, "उद्या कुणी येऊन खरं सांगितलं, तर माझी नोकरी राहील."

"कोनाचं फडकं हाय, आमाले काय माईत," मामाजी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. मी पदर पुढे ओढला. त्यानं फडकं माझ्या हातात ठेवलं आणि गेला. साहेबाच्या टेबलावर ते ठेवलं असतं तर तो सुटला असता आणि आमचं पाणी तुटलं असतं. त्यानं तसं का केलं नाही, याचा डाव मी पुष्कळ दिवस शोधला. सापडला नाही.

संध्याकाळी स्वयंपाक करताना मी फडकं चुलीत घातलं. मोरचुदानं जाळ हिरवा निघाला, तव्याच्या कडेनं वर आला. मामाजी ताटावर बसले होते, त्यांनीही पाहिला. ती भाकरी त्यांनी खाल्ली नाही. हात धुऊन उठले.

दुसऱ्या दिवशी, चौकशीच्या वेळी, आम्ही दोघंही वांगी खुडत होतो. ओवरसियरला काढल्याचं दुपारी कळलं. मी जायला हवं होतं, कचेरी काही लांब नव्हती. पुढे महिन्या-दीड महिन्यात तळं आपोआप हिरवं झालं, पाणी स्वच्छ येऊ लागलं आणि बाजारातल्या बाया टोपली न हुंगता भाजी घेऊ लागल्या. मामाजी काठी घेऊन तळ्याच्या बांधावर बसत, कुणाला जवळ फिरकू देत नसत.

आणि घरी माझ्या हातचं दूध ते पुन्हा आधी मांजराला पाजू लागले. या वेळी मला राग आला नाही.