भरल्या बोटीचं माप

मासेमारीच्या बोटींना विजेवर चालणाऱ्या मोटरी बसवायचं काम मी अकरा वर्षं करतोय. त्यातलं जे खरं ज्ञान माझ्याकडे आहे, ते एका माणसाकडून फुकट घेतलेलं आहे. त्याला सगळे मामा म्हणत. तो एका बोटीच्या मालकाचा सख्खा मामा होता, म्हणून खलाशांचा मामा आणि मग धक्क्यावरच्या झाडून सगळ्यांचाच मामा.

मामा काही देवमाणूस नव्हता. तोंडात कायम शिवी. कुणी गळाची गाठ चुकवली, की दोराचं टोक पाठीत बसलंच म्हणून समजा. त्याच्या आधी बोटीच्या पुढच्या टोकावर एक म्हातारा होता. त्याची नजर कमी झाली, तेव्हा त्याला उतरवा म्हणून सगळ्यात आधी ओरडला तो मामाच. पण काम असं करायचा की बघत राहावं. खोल समुद्रात पाण्याखाली खडक असतात आणि मासा त्यांच्याच आसऱ्याला असतो. बोट नेमकी खडकाच्या डोक्यावर थांबवायची, तर नांगर प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून दोर हळूहळू सोडत यावं लागतं. किती सोडायचा आणि कुठे अडवायचा, हे मामाला तळहातातल्या ताणावरून कळायचं. एकतीस वर्षं तो त्या टोकावर कठड्याला मांडी टेकून उभा राहिला. मांडी टेकायची तिथला पाइप घासून चकचकीत झाला होता.

लग्न त्याने केलं नव्हतं. भाच्याच्या घरात जिन्याखालच्या खोलीत राहायचा. बहीण गेल्यावर त्या घरात त्याचं नातं बोटीपुरतंच उरलं होतं. भाचेसून चहा द्यायची, पण तो बोटीवरून दमून आलेल्या माणसाला. नुसत्या मामाला तिने कधी पाणीही विचारलं नसतं, आणि हे मामाला पक्कं ठाऊक होतं.

भाच्याने माझ्याकडून ट्रोलिंग मोटर बसवून घ्यायचं ठरवलं. ही मोटर बोटीच्या टोकावर बसते. लांब दांड्याच्या खाली पंखा असतो, तो पाण्यात उतरवायचा आणि बटण दाबायचं. मग उपग्रहावरून आपली जागा ओळखून ती बोट एकाच ठिकाणी धरून ठेवते. नांगर नको, दोर नको. मामाही नको, हे कुणी बोललं नाही, पण ते काय न कळण्यासारखं होतं?

मोटरला जागा करायची तर कठडा कापावा लागणार होता. भाच्याने पाइप धरायला मामालाच उभं केलं. मी कटर चालवला आणि तो चकचकीत तुकडा मामाच्या हातात आला. ठेव आठवण म्हणून, असं भाचा म्हणाला. खलाशी हसले, मामाही हसला. मला राग यायला हवा होता, पण माझा राग नेहमी घरी पोचल्यावर येतो.

टोकापासून पाण्यापर्यंतचं अंतर मी आदल्या दिवशीच मोजून ठेवलं होतं. त्या मापाचा दांडा आणला, डेकच्या खालून जाड पट्टी लावून सहा बोल्ट आरपार आवळले, पाणी मुरू नये म्हणून भोकं सीलने भरली, मधल्या कप्प्यात तीन बॅटऱ्या बांधल्या. काम झाल्यावर भाच्याने सगळ्यांसमोर पैज लावली. एकाच खडकावर एक तास मामा बोट धरेल, एक तास मोटर. जो हलू देणार नाही तो टोकावर राहील, दुसरा उतरेल. मामाने तिथल्या तिथे हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बर्फ, डिझेल, माणसं सगळं भरून आम्ही बाहेर पडलो. मामाच्या तासात बोट जागची फारशी हललीच नाही. मग मोटरची पाळी आली. लाटेवर टोक वर चढलं, की पंखा पाण्याबाहेर यायचा आणि हवेत किंचाळायचा. तेवढ्यात बोट सरकायची. अर्ध्या तासात खडक सुटला, सगळ्यांच्या गळाच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या. परतताना भाचा मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. उद्या हे भंगार उतरव, असं तो म्हणाला. शिवाय धक्क्यावरच्या प्रत्येक मालकाला माझं नाव सांगणार होता. म्हणजे माझा धंदा बसलाच होता.

मी मागे बर्फाच्या पेटीवर मान खाली घालून बसलो होतो. मामा शेजारी येऊन टेकला.

"माप कधी घेतलंस?"

"परवा. धक्क्यावर."

"तेव्हा बोट रिकामी होती, गाढवा. मागे बर्फ आणि डिझेल भरलं की पुढचं टोक दीड वीत उचलतं. भरल्या बोटीचं माप घे. मागे चार माणसं बसव आणि मग मोज. वर लाटेसाठी आणखी हातभर धर."

त्याने हे का सांगितलं? मी यावर पुष्कळ डोकं खाजवलंय. एक तर तो जिंकलेला होता, आणि जिंकलेला माणूस उदार होतो. शिवाय हवेत फिरणाऱ्या त्या पंख्याचा आवाज त्याला सहन झाला नव्हता. स्वतःच्या बोटीवर वाईट बसवलेली वस्तू त्याला बघवायची नाही, मग ती त्याच्या मुळावर आलेली का असेना. आणि त्याचा भाच्याच्या शब्दावर विश्वास होता. पैज झाली, निकाल लागला, आता मोटर राहिली तरी आपल्या हाताखाली राहील, असं तो धरून चालला होता.

मी भाच्याकडून आठ दिवस मागून घेतले. बोट काठोकाठ भरली, मागे चार माणसं बसवली. त्यातला एक मामा होता. लांब दांडा आणून बसवला. पुन्हा त्याच खडकावर गेलो. या वेळी लाटा जास्तच होत्या, तरी मोटरने तासभर बोट अशी धरली, की मामाच्या तोंडूनही वा निघून गेलं.

भाचा टोकावर गेला. आजवर तो मामाला अरे-तुरे करायचा.

"मामा, तुम्ही आता दमलात," तो म्हणाला. "उद्यापासून घरीच बसा."

मामाला आधी कळलंच नाही. मग त्याने पैजेची आठवण करून दिली. ती आधीच्या आखूड दांड्याच्या मोटरशी होती, भाचा म्हणाला. एक खलाशी म्हणाला, मामाला मामा बनवला, आणि पुन्हा सगळे हसले. मामा माझ्याकडे वळला.

"याला सांग, दांडा लांब कर म्हणून तुला कोणी सांगितलं."

मी बोल्ट आवळत होतो. आधीच आवळलेला बोल्ट.

"कंपनीच्या पुस्तकात होतं," मी म्हणालो.

मामाने एक शिवीही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. गरज सरो, वैद्य मरो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी ते केलं. भाच्याने पाठ थोपटली आणि धक्क्यावर माझं नाव झालं.

महिनाभरात भाचेसुनेने जिन्याखालची खोली मोटरच्या जादा बॅटऱ्या ठेवायला घेतली. मामाचं अंथरूण व्हरांड्यात आलं. चहा बंद झाला. दिवसभर तो धक्क्यावर बसायचा आणि टोकावर मोटर असलेली बोट आली की तोंड फिरवायचा. शेवटी मीच त्याला काम दिलं. दया म्हणून दिलं, असं मी घरी सांगतो. खरं असं, की माप घेताना मला बोटीच्या मागच्या अंगाला वजन लागतं, आणि मामा जाडजूड आहे. तो येतो, पेटीवर बसतो, मी पुढे मोजतो, तो उठतो. आजवर आठ बोटी झाल्या. आठही टोकांवरची माणसं आता घरी आहेत.

गेल्या आठवड्यात नववी बोट होती. वजन कमी पडत होतं, म्हणून तिथल्या नांगरवाल्यालाच मी मामाच्या शेजारी बसवलं. पन्नाशीचा, हसरा गडी. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी टोकावर वाकून टेप सोडली तेव्हा तो मागून गमतीत विचारत होता, मामा, हा नक्की काय मोजतोय? आणि काय चाललंय ते बघायला अर्धवट उठला.

मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"नीट बस," तो म्हणाला. "हललास तर माप चुकतं."